पासिंगपुरतं

"पासिंगपुरतं करा रे पोरांनो. तुम्हाला कुठं शेक्सपियर व्हायचंय?"

हे वाक्य मी १९९६ साली ऐकलं. बारावीचा वर्ग. न्हावऱ्याहून एस्टीनं जायचो. पास संपला की हात दाखवून मिळेल त्या ट्रकवर. कारखान्याचा सीझन चालू असला की रस्त्यानं उसाच्या बैलगाड्यांची रांग, आणि आमचा पहिला तास बुडालेला. पहिला तास इंग्रजीचा. सर माणूस वाईट नव्हते. मारत नव्हते, तोंडानं जात काढत नव्हते. वर्गात आले की पुढच्या दोन बाकांकडं बघून कविता वाचायचे, अर्थ उलगडून सांगायचे, मधेच स्वतःशी हसायचे. मग मान वर करून मागं बघायचे आणि म्हणायचे, "स्कॉलरशिपवाल्यांनी ही पाच उत्तरं पाठ करा. पस्तीस कुठं जात नाहीत."

दोस्तहो, त्या पस्तिसाबद्दल मला बोलायचंय.

मला मार्चला २७ पडले. ऑक्टोबरला ३८. घरी पेढे आले. बा म्हणाला, "सुटली एकदाची इंग्रजी." सुटली म्हणजे खरंच सुटली. हातातून सुटली.

पुढं १९९९ ला रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत कंत्राटी कामाला लागलो. पहिल्या दिवशी तीन पानी कागद पुढं आला. सगळा इंग्रजी. क्लार्क म्हणाला, "इथं, इथं आणि इथं सही." मी केली. एक प्रत त्यानं मला दिली, मी ती घरी पेटीत ठेवली. सातव्या महिन्यात ब्रेक दिला. विचारायला गेलो तर त्यानं फाईल उघडली आणि माझीच सही मला दाखवली. मी बारावी पास माणूस. 'डेंजर' वाचता येत होतं. 'नो अॅडमिशन' वाचता येत होतं. सुपरवायझर 'फास्ट, फास्ट' ओरडला की कळत होतं. माझा गळा कुठल्या ओळीत कापलाय, तेवढं मात्र वाचता येत नव्हतं.

हुकूम कळण्यापुरती इंग्रजी मला मिळाली होती. तिचंच नाव पासिंगपुरती.

आता २०२३ सालाकडं येतो. माझी भाची बारावीला होती. चुलीपुढं बसून ती गाईडातलं उत्तर घोकत होती. मिस्टर ब्रेथवेट वॉज अ गुड टीचर, मिस्टर ब्रेथवेट वॉज अ गुड टीचर. शेजारी युवकभारतीचं पुस्तक पडलेलं, कोरं करकरीत, कव्हर घातलेलं, पान न् पान एकमेकाला चिकटलेलं.

मी विचारलं, "कोण गं हा ब्रेथवेट?"

"सर होता."

"कुठला? कसला?"

"मामा, तेवढं विचारत नाय पेपरात."

मग मी सांगितलं. ई. आर. ब्रेथवेट हा ब्रिटिश गयानातला काळा माणूस. शिकलेला इंजिनिअर. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या विमानदलात लढला. युद्ध संपलं, वर्दी उतरली, आणि लंडनमध्ये त्याला कोणी नोकरी देईना. अर्ज बघून बोलवायचे, चेहरा बघून परत पाठवायचे. वर्दीत होता तोवर माणूस, वर्दी उतरली की काळा. शेवटी लंडनच्या ईस्ट एंडमधल्या गोरगरीब गोऱ्या पोरांच्या शाळेत मास्तर झाला, आणि त्या अनुभवावर १९५९ साली 'टू सर, विथ लव्ह' हे पुस्तक आलं. त्या शाळेत पोरं स्टेजवर उभी राहून आपण सहा महिन्यांत काय शिकलो ते सांगतात, आणि मास्तरांना तोंडावर प्रश्न विचारतात. हे अमकं तुम्ही आम्हाला कशाला शिकवता, असं विचारतात. आणि मास्तरांना उत्तर द्यावं लागतं.

भाची घोकायची थांबली. म्हणाली, "म्हंजे आपल्यातलाच की."

आणि मग म्हणाली, "पन मामा, हे सरांनी सांगितलं का नाय?"

हा लेख त्या प्रश्नासाठी आहे.

का नाही सांगितलं? वेळ नव्हता म्हणून? पोर्शन संपवायचा होता म्हणून? ही कारणं मला पाठ आहेत, १९९६ लाही हीच होती. २०१९ ला अकरावीची आणि २०२० ला बारावीची नवी इंग्रजी पुस्तकं आली. अकरावीला नाटक, बारावीला कादंबरी असा साहित्याचा स्वतंत्र विभाग आला. इब्सेनचं 'अॅन एनिमी ऑफ द पीपल' आलं. आयरिश बाई लेडी ग्रेगरीचं नाटक आलं, ज्यात बंडखोराला पकडायला आलेल्या पोलिसालाच प्रश्न पडतो की आपण कोणाच्या बाजूचे. ब्रेथवेट आला. म्हणजे जे पुस्तक आपल्या पोरापोरींच्या हातात पडायला पाहिजे, ते सरकारनंच छापलं. छापून दप्तरापर्यंत पोचवलं. आणि दप्तरापासून डोक्यापर्यंतच्या वीतभर वाटेवर गाईड आडवं पडलं.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायची होती. मास्तरांनी नकार दिला, फारसी घ्यावी लागली. तेव्हा दार बंद करून सांगत होते, तुला हे नाही. आता दार सताड उघडं ठेवून हसत हसत सांगतात, तुला हे झेपायचं नाही, पाच उत्तरं घे आणि जा. बंद दारावर लाथ तरी मारता येते. या हसण्यावर काय मारायचं?

आणि म्हणून मला राग वर्गातल्या सरांचा कमी आहे. जास्त राग आपलाच आहे. तुमचा आणि माझा.

एक कार्यकर्ता दोस्त मला म्हणाला, "दादा, साहित्यबिहित्य सोडा. पोरांना स्पोकन इंग्लिश लावा, नोकरी तरी लागंल." चांगल्या मनानं म्हणाला. पण बघा, तोही पासिंगपुरतंच म्हणाला. सर पस्तीस मार्कांचं म्हणाले, हा दहा हजार पगाराचं म्हणतोय. 'येस सर, गुड मॉर्निंग सर, सॉरी सर' ही इंग्रजी मला रांजणगावला येत होती. तिनं माझी नोकरी वाचवली नाही. बोलायची इंग्रजी शिकवा, जरूर शिकवा. पण हुकूम घ्यायला एक इंग्रजी लागते आणि हुकमाला 'का' विचारायला दुसरी. ही दुसरी माणसाला कुठं भेटते? गोष्टीत भेटते, नाटकात भेटते, कवितेत भेटते. जिथं माणूस माणसाशी खोटं बोलतो, पलटतो, लपवतो, कबूल होतो, आणि वाचणाऱ्याला ते शब्दाशब्दातून ओळखावं लागतं. वाक्याच्या पोटात शिरायची सवय तिथं लागते. सुखवस्तू घरातल्या पोराला ती घरात लागते. आपल्या पोराला एकच जागा होती, अकरावी-बारावीचा तो तास. तोही पासिंगपुरता झाला.

दुसरा एक दोस्त, जरा जास्त शिकलेला, म्हणतो, "गोऱ्यांचं साहित्य वाचून आपण काय गोऱ्यांचे गुलाम व्हायचं?" त्याला म्हणावं, गुलामी हा शब्द काढलास तर आधी जोतीरावांकडं जा. 'गुलामगिरी' १८७३ ची. प्रस्तावना इंग्रजीत, आणि अर्पण केलीय अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी काळ्या गुलामांना मोकळं केलं. पुण्यात बसून जोतीरावांनी समुद्रापलीकडं हात पुढं केला, तो इंग्रजीच्या पुलावरून. सावित्रीबाईंच्या १८५४ च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिका म्हणून सांगणाऱ्या कविता आहेत. ही माणसं इंग्रजांची भाट नव्हती.

आणि इंग्रज आपला कैवारी होता, असंही माझं म्हणणं नाही. आमच्या शिरूर तालुक्याच्या शिवेवर, पेरणे फाट्याजवळ, भीमेच्या काठी तो स्तंभ उभा आहे. दर १ जानेवारीला आपण जातो. दगडावर इंग्रजी आहे आणि मराठी आहे. नाकान्त नावं आहेत. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत आपली माणसं इंग्रजांच्या बाजूनं मेली, इंग्रजानं नावं कोरली. त्याच इंग्रजाच्या राज्यात १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार पोराला घेतलं नाही. त्याच इंग्रजानं १८९० च्या दशकात महारांची फौजेतली भरती बंद केली. दगडावर नाव आणि दारावर कुलूप. मग १९१० साली पुण्याच्या शिवराम जानबा कांबळ्यांनी दख्खनच्या महारांच्या वतीनं थेट लंडनच्या भारतमंत्र्याकडं अर्ज पाठवला, की आम्हाला फौजेत घ्या, पोलिसात घ्या. हेच कांबळे पुढं १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेबांना कोरेगावला घेऊन आले. इंग्रजाला जाब विचारायचा तर त्याच्या भाषेत, त्याला टाळता येणार नाही असा विचारावा लागतो, हे त्यांना कळत होतं. आपण मात्र दगडापुढं सेल्फी काढतो, आणि वरचा इंग्रजी मजकूर शेवटपर्यंत वाचणारे आपल्यात किती, ते तुम्हीच मोजा.

तिसरे आहेत मायमराठीवाले. आम्हाला सांगतात, मातृभाषा सोडू नका. आणि स्वतःची नातवंडं? असो. त्यांना उत्तर बाबासाहेबांनी देऊन ठेवलंय. १९२० ला 'मूकनायक' काढला तो मराठीत. १९२७ ला 'बहिष्कृत भारत' काढला तो मराठीत. आपल्या माणसाशी बोलायचं तर आपल्या भाषेत. आणि १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं भाषण, जे मंडळानं होऊ दिलं नाही, ते त्यांनी स्वतःच्या पैशानं छापलं, ते इंग्रजीत. १९४६ ला अमेरिकेतल्या काळ्यांचे पुढारी डु बॉइस यांना पत्र लिहिलं, ते इंग्रजीत. एका हातानं आपल्याला उठवत होते, दुसऱ्या हातानं जगाला धरून हलवत होते. यातला एक हात तोडून आम्हाला द्यायला निघालेत हे मायमराठीवाले.

आणि चौथे आपलेच, भोळे. उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरीच्या बांका गावात २०१० साली इंग्रजी देवीचं मंदिर बांधायला घेतलं होतं. कल्पना काढणाऱ्याचा हेतू मला कळतो, दलितानं इंग्रजी घ्यावी हाच तो. पण बाबांनो, १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण देव सोडले ते नवी देवी बसवायला नाही. देवी झाली की तिच्यापुढं फक्त हात जोडायचे. भाषेच्या मानगुटीवर बसायचं असतं.

आपल्याकडं हे करून दाखवलेली माणसं आहेत. बाबासाहेबांनी १९५० ला तेव्हाच्या औरंगाबादेत कॉलेज काढलं, ज्याला पुढं मिलिंद हे नाव मिळालं. तिथं म. ना. वानखडे इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक. अमेरिकेत शिकून आले, आणि तिथल्या काळ्या लेखकांचं लेखन इथल्या आपल्या पोरांपुढं ठेवलं. बघा, हे लोक आपलं दुःख कसं लिहितात. १९७२ ला मुंबईत पँथर जन्माला आली, ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन. इंग्रजीचं एक पान इकडं उघडल्यावर काय पेटतं, ते या महाराष्ट्रानं बघितलंय. म्हणून मला शंका येते, की आपल्या वर्गात ते पान मिटलेलंच बरं, असं व्यवस्थेला सोयीचं तर नसेल?

बोलणं पुरे. काय केलं ते सांगतो, फुशारकी नाही.

भाचीच्या त्या प्रश्नानंतर वस्तीतल्या विहारात संध्याकाळी बसायला लागलो. अकरावी-बारावीची अकरा पोरंपोरी आली. दुसऱ्या आठवड्यात सात, शेवटी चार. नियम एकच. गाईड आणायचं नाही. ओळ वाचायची आणि तीन प्रश्न विचारायचे. हे कोण बोलतंय? कोणाला बोलतंय? आणि बोलताना काय लपवतंय? शब्द अडला तर डिक्शनरी. मलाही निम्मे शब्द अडायचे. पोरांपुढं अडायची लाज पहिल्या दोन दिवसांत गेली.

इब्सेनचं नाटक घेतलं. मुळात नॉर्वेजियन, १८८२ चं, आपल्याकडं इंग्रजीतून आलेलं. पुस्तकातला उतारा वाचला, पुढची गोष्ट मी सांगितली. एका गावात औषधी पाण्याची स्नानगृहं आहेत, त्यावर गावाचं पोट. डॉक्टरला तपासणीत कळतं की पाणी घाण आहे. घाण येते वरच्या अंगाच्या कातडी कमावण्याच्या कारखान्यांतून. त्यातल्या एका कारखान्याचा मालक डॉक्टरच्या बायकोचा पाळक बाप, गावातला पैसेवाला असामी. कातड्याचा धंदा, आणि कोणी त्याला वेशीबाहेर काढलेलं नाही. एक पोरगं तिथंच हसलं. डॉक्टर खरं सांगतो, तर त्याचा सख्खा भाऊ, गावाचा कारभारी, त्याचं तोंड दाबतो. सभा भरते आणि सगळं गाव मिळून डॉक्टरला लोकांचा शत्रू ठरवतं.

मी म्हणालो, "आता महाड आठवा." २० मार्च १९२७. चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलं. त्या पाण्यावर गुरंढोरं चालत होती. आपण प्यालो तर बाटलं. मग १०८ घागरी पंचगव्य ओतून शुद्ध केलं. शेणमूत घालून पाणी शुद्ध! आणि ते पाणी सगळ्यांचं आहे हे कोर्टात शाबीत व्हायला १७ मार्च १९३७ उजाडलं. दहा वर्षं.

माझी म्हातारी चुलती कोपऱ्यात बसून ऐकत होती. तिला इंग्रजी सोडा, मराठी वाचता येत नाही. ती म्हणाली, "माझ्या माहेराला आमाला वरून पानी वाढायचे. त्या डाक्तराच्या गावात घान व्हती, ती कुनाला दिसत नव्हती. आन आमच्यात नव्हती, ती समद्यांला दिसत व्हती."

इब्सेनवर याच्यापेक्षा चांगलं उत्तर मला कुठल्या गाईडात दाखवा. आणि हे उत्तर बोर्डाच्या पेपरात लिहिलं तर किती मार्क पडतील, तेही सांगा.

भाचीला इंग्रजीत ५४ पडले. गावात बोर्ड लागला नाही, हार घातला नाही. निकालानंतर एक दिवस ती म्हणाली, "मामा, तुझा तो कंपनीचा कागद आन." पेटीतनं काढला. चोवीस वर्षं तळाशी पडलेला, घडीवर फाटलेला. ती जमिनीवर डिक्शनरी घेऊन बसली आणि विहारातलेच तीन प्रश्न विचारायला लागली. हे कोण बोलतंय? कंपनी. कोणाला? तुला. काय लपवतंय? दुपार गेली. दुसऱ्या पानाच्या खालच्या अंगाला एक वाक्य होतं, चार ओळी लांब, मधे तीन स्वल्पविराम. पहिल्या दोन ओळींत लिहिलं होतं की कंपनी कधीही कामावरून कमी करू शकते. क्लार्कनं मला तेवढंच ऐकवलं होतं. शेवटच्या दोन ओळींत लिहिलं होतं, की तसं करताना एक महिन्याचा पगार द्यावा लागेल.

तो पगार मला मिळाला नव्हता. मी मागितलाच नव्हता. माझ्या पेटीत, माझ्या सहीखाली, माझा हक्क चोवीस वर्षं पडून होता आणि मी त्यावर कपडे ठेवत होतो.

भाचीनं कागदाची घडी घातली. काही बोलली नाही. मीही नाही.

दोस्तहो, आता तुमच्याकडं येतो. जयंतीची वर्गणी निघते, डीजे येतो, कमान लागते. लावा. पण त्याच वर्गणीतून एक जाड डिक्शनरी विहारात आली पाहिजे. अकरावी-बारावीचं इंग्रजीचं पुस्तक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं, मोबाइलवर उतरवा आणि आठवड्यातून दोन संध्याकाळ ओळ न् ओळ वाचा. मास्तर मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर माझ्यासारखा ऑक्टोबरवाला चालेल. पोरांबरोबर घरातल्या म्हाताऱ्यांना बसवा. आणि वर्गात जा तेव्हा हात वर करा. सर म्हणतील, हे पेपरला येत नाही. तुम्ही म्हणा, सर, पेपरला येऊ दे नाहीतर न येऊ दे, आम्हाला हे कळायला पाहिजे. ब्रेथवेट काळा होता हे आम्हाला का नाही सांगितलं?

उत्तर मिळेपर्यंत हात खाली घेऊ नका.

पासिंगपुरतं पाणी महाडला कोणी मागितलं नव्हतं.

जय भीम.